निरोगी बायकांची रेषा

तुम्हाला माहीत होतं. मान्यता समितीचे अध्यक्ष महाशय, तुम्हाला सगळं माहीत होतं. ज्या दोन हजार एकशे चाळीस बायकांना तुमच्या फाइलीत 'निरोगी' म्हटलंय, त्या निरोगी नाहीत हे तुम्हाला सही करण्याच्या बावीस दिवस आधी कळलं होतं. मीच कळवलं होतं. आलेखासकट, तीन पानांत, मराठीत आणि इंग्रजीतही, कारण तुम्हाला कोणत्या भाषेत न समजण्याची सवय आहे ते मला ठाऊक नव्हतं. पोच आली. उत्तर आलं नाही. तेविसाव्या दिवशी मंजुरी आली, आणि 'मुखरक्षा' पट्टी राज्यभर निघाली.

माझं नाव स्नेहांकिता गुरव. त्या पट्टीच्या कागदपत्रांत ते शेवटच्या पानावर आहे, बारीक अक्षरांत: नमुने संकलन. कर्करोगाच्या जैवखुणांवर, म्हणजे बायोमार्करवर काम करणारी पोस्टडॉक. हे पद बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. डॉक्टरेट मिळालेली असते, नोकरी मिळालेली नसते. करार अकरा महिन्यांचा. प्रयोग तुम्ही करायचे, निबंध तुम्ही लिहायचा, छापून येताना मानाची जागा सरांची. सरांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या गाड्या लावून द्यायला उभं राहायचं आणि त्याला लॅबमधलं कौटुंबिक वातावरण म्हणायचं. मी हे पाच वर्षं केलं. गावाकडं मात्र मी मोठी डॉक्टर. निम्म्या गावानं मला आपापले गुडघे दाखवलेत.

पट्टीबद्दल पेपरात पुष्कळ छापून आलं, ते वाचून कोणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. म्हणून सरळ सांगते.

तोंडाच्या आतलं अस्तर रोज झडत असतं. मेलेल्या पेशींचे तुकडे लाळेत उतरतात आणि त्या तुकड्यांत डीएनए असतो. डीएनए सगळ्या पेशींत तोच. पण कोणत्या पेशीनं त्यातलं काय वापरायचं हे शरीर ठरवतं, आणि जे वापरायचं नाही त्यावर एक बारीक रासायनिक टिकली चिकटवतं. तिला मिथाइल म्हणतात. घरातल्या विजेच्या बोर्डावर ज्या बटणाला हात लावायचा नाही त्यावर आपण चिकटपट्टी लावतो, तसंच हे. पेशी कर्करोगाच्या वाटेला लागली की या टिकल्या भलत्याच बटणांवर बसायला लागतात. पेशीची वाढ थांबवणारी जी बटणं, नेमकी तीच झाकली जातात. गाठ हाताला लागायच्या तीन-चार वर्षं आधी हे सुरू झालेलं असतं. अशा सात बटणांवरच्या टिकल्या लाळेतून मोजायच्या आणि शून्य ते शंभर असा एक आकडा काढायचा. ही आमची जैवखूण.

कागदाची पट्टी, तिच्यावर लाळेचा थेंब, पट्टी फोनएवढ्या यंत्रात, बारा मिनिटांनी दिवा. हिरवा म्हणजे घरी जा. लाल म्हणजे तालुक्याला जा. बायका त्याला थुंकीचं मशीन म्हणतात.

यंत्रात खोट नाही. हे मी आजही सांगते. ते आकडा बरोबर मोजतं. पण कोणत्या आकड्यापासून लाल म्हणायचं, ते यंत्राला कळत नाही. ती रेषा माणसांनी मारायची असते. रीत साधी आहे. भरपूर निरोगी माणसं घ्या, त्यांचे आकडे मोजा, शंभरातली पंच्याण्णव ज्याच्या खाली बसतात तिथं रेषा मारा. तिच्यावर जो गेला तो संशयित. आता निरोगी माणसं आणायची कुठून, हे काम माझ्याकडं आलं.

ही २०३४ च्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या लॅबचे प्रमुख डॉ. अनिरुद्ध नेरूरकर यांना 'स्वच्छ' बायका हव्या होत्या. शहरात धूर, गुटखा, दारू. तेव्हा डोंगरातल्या घ्या, कष्टाळू, निर्व्यसनी, भाजीभाकरी खाणाऱ्या. हे बोलताना सरांचा चेहरा आरतीला उभ्या राहिलेल्या माणसासारखा व्हायचा. सर खेड्यात राहिले ते आयुष्यात एकदा, दोन दिवस, पोहण्याचा तलाव असलेल्या खेड्यात. मी म्हटलं, सर, माझं गावच तिकडं आहे, कोयनेच्या खोऱ्यात, धावडमाळ. त्या एका वाक्यावर माझा करार वाढला.

धावडमाळात माझी आत्ती असते. वडिलांची बहीण, मालन. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. नवरा वारल्यावर आत्ती माहेरी परतलेली होती, तिनंच मला वाढवलं. शाळेतल्या पोषण आहाराचा स्वयंपाक ती करते आणि बचत गटांच्या बैठकांना एकवीस गावं फिरते, त्यामुळं तिचा शब्द चालतो. तिनं निरोप फिरवला की आमची अंकी पुण्यावरनं येणार, कर्करोगाचा शोध लावतीया, नुसती थुंकी द्यायची, सुई न्हाई काय न्हाई.

बायका आल्या. डॉक्टरणीसमोर थुंकायला लाजत होत्या. पाठ करून, पदर आडवा धरून त्यांनी नळ्या भरल्या. आणि प्रत्येकजण तोंड लख्ख घासून आली होती. शिकल्यासवरल्या बाईच्या हातात पारोश्या तोंडाचं कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मला फार भरून आलं. मी माझ्या अहवालात त्यावर एक परिच्छेद लिहिला, 'सहभागी महिलांचं अनुकरणीय सहकार्य' वगैरे. आज तो वाचला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अर्जात व्यसनाचे चार चौकोन होते: विडी-सिगारेट, चघळण्याचा तंबाखू, गुटखा-मावा, दारू. अर्ज सरांनी परदेशातल्या एका अर्जावरून बेतलेला. दारूचं विचारलं की बायका पदरात हसायच्या आणि नवऱ्यांची नावं सांगायच्या. चारही ठिकाणी 'नाही'. आत्तीचा अर्ज मीच भरला, सातव्या क्रमांकाचा. तिला एक प्रश्नही विचारला नाही. जिच्या कुशीत झोपून मोठी झाले तिला काय विचारायचं?

त्या नमुन्यांवरून रेषा पडली अडतीसवर.

मग तीन वर्षं नुसतं कौतुक. जगातली पहिली, भारतीय बायकांच्या स्वतःच्या आकड्यांवर बेतलेली चाचणी, असं सर व्यासपीठांवरून सांगत हिंडले. हे ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. प्रायोगिक टप्प्यात एक लाख नव्वद हजार बायका तपासल्या. लाल दिवे इतके कमी आले की मंत्रालयातल्या लोकांनी समाधान व्यक्त केलं. कोणाच्या डोक्यात हे आलं नाही की ज्या राज्यात तोंडाच्या कर्करोगाचे वॉर्ड भरून वाहतात तिथं आपलं मशीन इतकं हिरवंगार कसं. कायम नोकरीची एक जागाही निघाली, शास्त्रज्ञ म्हणून. जाहिरातीतली पात्रता वाचून लॅबमधले सगळे माझ्याकडं बघून हसले. फक्त माझ्या चपलेचं माप लिहायचं राहिलं होतं.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टात फरहीननं मला तिच्या टेबलाशी बोलावलं. फरहीन मुजावर, मिरजेची, आमच्याकडची आकडेवारीची पोस्टडॉक. तिनं सहज म्हणून संस्थेच्या वसतिगृहातल्या साठ मुलींची लाळ तपासली होती. मुलींची सरासरी आली सहा. माझ्या डोंगरातल्या निरोगी, भाजीभाकरीवाल्या बायकांची होती एकवीस. वय धरून हिशेब केला तरी अंतर मिटेना. आम्ही तासभर वाद घातला. चुलीचा धूर असेल, पाणी असेल, नमुने प्रवासात तापले असतील. फरहीन ऐकत होती, मग तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली.

"गुरवबाई, तुमच्याकडच्या बायका दात कशानं घासतात?"

मी हसत म्हटलं, "मिश्रीनं. अजून कशानं?"

ती हसली नाही. तिची नानीही लावायची, म्हणाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळाठिक्कर होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा. सकाळी चिमूट बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायची आणि थोडा वेळ तशीच ठेवायची. दुपारी कामातून उठल्यावर परत, संध्याकाळी परत. मी जीवशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई आहे. तंबाखूतली कर्करोग करणारी अठ्ठावीस रसायनं मला पाठ आहेत. मिश्री कशाची होते हेही मला लहानपणापासून माहीत होतं. भाजताना ठसका लागायचा म्हणून मला अंगणात पिटाळायचे. तरी माझ्या डोक्यात मिश्री तंबाखूच्या खान्यात नव्हतीच. ती दात घासायच्या खान्यात होती, अंगाच्या साबणाशेजारी. बाहेरची कोणी असती तर तिनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, बाई, तुमचं हे बोट काळं का. मी त्या बोटांनी भरवलेला भात खाल्लेली. मला ते बोट दिसलंच नाही.

त्या आठवड्यात मी यादीतल्या शंभर बायकांना फोन केले. एकाहत्तर जणी मिश्री लावत होत्या. कोणीही लपवलं नाही. एकीनं तर कोणत्या दुकानचा तंबाखू चांगला तेही सांगितलं. वर्षानुवर्षं तंबाखू घासून हिरड्यांच्या पेशींवर त्याच सात जागी टिकल्या बसायला लागल्या होत्या, आणि आम्ही त्या अर्ध्या बिघडलेल्या तोंडांना निरोगी म्हणून त्यांच्यावरून रेषा मारली होती. मिश्री न लावणाऱ्यांवरून फरहीननं नव्यानं हिशेब केला. खरी रेषा बारावर पडत होती. बारा आणि अडतीसच्या मध्ये अडकलेल्या, हिरवा दिवा बघून घरी गेलेल्या बायका निघाल्या एकसष्ट हजार. त्या सगळ्यांना कर्करोग नाही. शंभरात दोघींना असेल, तिघींना असेल. पण कोणत्या दोघी, ते आमच्या हिरव्या दिव्यानं झाकून टाकलं.

मग मी सातवा क्रमांक उघडला. आत्तीनं तीन वर्षांत तीनदा तपासून घेतलं होतं. एकोणतीस, तेहतीस, छत्तीस. तिन्ही वेळा हिरवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धावडमाळात होते. आत्ती शाळेतून नुकतीच आली होती. मी तिला उजेडात बसवलं आणि फोनची टॉर्च लावून तोंड उघडायला सांगितलं. खालच्या ओठाच्या आत, डाव्या हिरडीपाशी, जिथं तिचं बोट रोज फिरतं तिथं बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मध्यभागी लाल, सोललेलं. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाली, असंल वरीसभर, तिखट लागतं थोडं.

"मग दाखवलं का नाहीस कुणाला?"

"दावलं की. तुझ्या मशीनला दावलं. हिरवं म्हणलं." ती मलाच समजावत होती. "आशाताई म्हणत हुती जावा तालुक्याला, तर मीच तिला गप केली. म्हणलं माझ्या भाचीचं मशीन हाय, ते का खोटं बोलंल?"

मी तिला सगळं सांगितलं. रेषा कशी मारतात, मिश्रीचं काय, अर्जात मी काय लिहिलं. तिला टिकल्या कळल्या नसतील, पण अर्ज बरोबर कळला.

"मला इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "मी काय चोरून लावती का?"

चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. कर्करोगच. डॉक्टर म्हणाले, वर्षापूर्वी आली असती तर नुसता चट्टा काढून संध्याकाळी घरी पाठवलं असतं. आता डाव्या बाजूचं खालच्या जबड्याचं हाड काढावं लागेल.

मी सरांकडं गेले. सर वाईट माणूस नाहीत. वाईट माणूस निदान घाबरतो. त्यांनी आलेख शांतपणे पाहिला आणि म्हणाले की यात चूक म्हणता येणार नाही. त्या बायकांसाठी तेच नॉर्मल आहे ना? ही लोकसंख्येला साजेशी रेषा आहे. मी विचारलं, सर, तुमच्या मुलीची लाळ तपासली आणि आकडा तीस आला, तर तुम्ही साजेसा म्हणाल का? त्यांनी मला आकडे ऐकवले. रेषा बारावर आणली तर शंभरातल्या बत्तीस बायका लाल येतील. तुकडा काढून तपासणारे डॉक्टर जिल्ह्यात दोन. त्या बायकांना नेणार कुठं? घबराट होईल, कार्यक्रम बंद पडेल, मग ज्यांचा आकडा सत्तर आहे त्याही सापडणार नाहीत. एवढं बोलून त्यांनी चहा मागवला आणि हळूच जोडून दिलं की अर्ज तूच भरलेस, हे विसरू नकोस.

त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही. डॉक्टर दोनच आहेत हे खरं आहे. पण डॉक्टर कमी आहेत म्हणून आजार कमी मोजायचा, हा शोध काही विज्ञानाचा नाही.

त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर. मी खोलीत आहे हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, आणि मीही खोकले नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. कुठंही अडला नाहीत, एकही गोष्ट पुन्हा विचारली नाहीत. मग म्हणालात:

"आत्ता रेषेला हात लावला तर सगळंच बसेल. पुढच्या आवृत्तीत बघू. आणि ती मुलगी कोण आहे? कायम आहे का करारावर?"

सर म्हणाले, करारावर. तुम्ही म्हणालात, "मग ठीक आहे."

ते तीन पानी पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. फरहीननं नाव घालू दिलं नाही. आलेख माझा आहे, तो मी मागं घेणार नाही, पण नाव नको, तिचा करार मार्चमध्ये संपतोय, असं ती खाली बघून म्हणाली. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. डब्याला दोघी वेगवेगळ्या टेबलांवर. मग माझाच राग उतरला. एका मिरजेच्या पोरीवर तो खर्च करण्यात अर्थ नव्हता, तुम्ही होतात ना.

कायम जागेच्या मुलाखतीच्या दिवशी मला आधी एक कागद दिला गेला. मी प्रमाणित करते की सदर नमुने निर्व्यसनी, निरोगी व्यक्तींकडून घेतलेले आहेत. तारीख, सही. सही झाली की आत जायचं. आत पाच जण, टेबलावर बिस्किटं. मी कागद कोरा ठेवून परत दिला. मुलाखत झालीच नाही. त्या महिन्यात करार संपला आणि माझ्या ओळखपत्रानं लॅबचं दार उघडणं बंद झालं. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये माझ्या हातानं लेबलं लावलेल्या दोन हजार एकशे चाळीस नळ्या आहेत. त्यांच्यापर्यंत मला आता जाता येत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी वॉर्डातली डॉक्टर संमतीपत्र घेऊन आली. आत्तीनं तिला ते सगळं वाचायला लावलं. वाचून झाल्यावर ती माझ्याकडं वळली.

"मी तुला दिलेली थुंकी कुठाय आता?"

संस्थेत आहे, फ्रीजरमध्ये, म्हटलं.

"ती माझी हाय का त्यांची?"

अभ्यासाचं संमतीपत्र मीच लिहिलं होतं, तरी फोनमध्ये शोधून बघावं लागलं. कलम नऊ. सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी, कारण न देता, आपला नमुना आणि त्यावरची माहिती अभ्यासातून काढून घेऊ शकते. असं प्रत्येक संमतीपत्रात असतं. ते घालावंच लागतं. आजवर ते कोणी वापरताना मी पाहिलं नाही, त्यामुळं ते खरं आहे हे आम्ही विसरून गेलो होतो.

"माझी काढून घे," आत्ती म्हणाली. "माझ्या थुंकीवर त्यांनी रेघ मारलीया, आन त्या रेघंखाली बाकीच्या बाया मरत्यात. काढून घे."

हे तिचं स्पष्ट ऐकू आलेलं शेवटचं बोलणं. आता ती बोलते, पण मलाच कळतं, तेही निम्मं.

दीड महिन्यानं ती उठली आणि नमुने काढून घेण्याचे अर्ज घेऊन माझ्याबरोबर चालायला लागली. एकवीस गावं. मी बोलायचे, ती शेजारी बसायची. कोणाच्या घरात शिरलं की ती तोंडावरचा पदर बाजूला करायची. मला वाटायचं नको करूस, पण तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

सगळ्यांनी आमचं स्वागत केलं असं समजू नका. एक म्हातारी म्हणाली, थुंकलेलं परत मागायचं व्हय गं, असलं तर कधी ऐकलं न्हाई, आणि हसत हसत अंगठा दिला. एकीनं सांगितलं की मिश्री सोडायला सांगू नका, तिच्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. सही पाहिजे तर घ्या. आणि यशोदा डुबल म्हणून एक बाई आहेत, शेजारच्या वाडीतल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"तू आमच्या तोंडावर डॉक्टर झालीस," त्या म्हणाल्या. "आता म्हणतीस सगळं चुकलं, मशीन बंद करा. मग आमी काय करायचं?"

त्यांनी सही दिली नाही. त्यांचं बरोबर होतं. म्हणून पुढच्या घरापासून मी नुसत्या सह्या घेणं बंद केलं. आधी टॉर्च लावून तोंड बघायचं, ओठ उलटून, जीभ उचलून, दोन बोटांनी हिरडी चाचपून. एका बाईला चार मिनिटं. ही तपासणी डॉक्टरांना शंभर वर्षांपासून माहीत आहे आणि हिला कोणाची मान्यता लागत नाही. आशाताईंना एका दुपारी शिकवली, दुसऱ्या दिवशी त्या माझ्याहून नीट करत होत्या. त्रेचाळीस चट्टे सापडले. पाच जणींना तिथूनच गाडीत घालून नेलं. पाचही जणींकडं तुमच्या मशीनचा हिरवा निकाल होता. तिघींचा कर्करोग निघाला. त्यातल्या दोघी लवकर सापडल्या, त्यांचं हाड वाचलं. परतताना मी पुन्हा यशोदाबाईंच्या दारात गेले, टॉर्च दाखवली. त्यांनी तोंड उघडलं. काही नव्हतं. मग त्यांनी मला पेन मागितला.

एक हजार तीनशे सोळा अर्ज झाले. तुमच्याच नियमावलीत लिहिलंय की रेषा मारायला किमान दीड हजार निरोगी व्यक्ती लागतात. उरल्या आठशे चोवीस. म्हणजे ती अडतीसची रेषा आता कशावरही उभी नाही, हे विज्ञान नको असेल तर तुमच्या नियमानं समजून घ्या. अर्जांचा गठ्ठा सोमवारी तुमच्या कार्यालयात मी स्वतः दिला. टेबलावरच्या माणसानं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, बायका आपापलं परत मागतायत. त्यानं शिक्का मारला.

बुधवारी तुमच्या कार्यालयातून एका सौम्य आवाजाच्या बाईंचा फोन आला. अध्यक्षांना हे प्रकरण सामंजस्यानं मिटावं असं वाटतं, म्हणाल्या. आणि त्याच दमात विचारलं की त्या भागातल्या महिलांचा तुमच्यावर विश्वास आहे, तर नव्या रेषेसाठी पुन्हा नमुने गोळा करून द्याल का. जागेचं बघता येईल. त्या बोलत असताना आत्ती माझ्यासमोर बसून ज्वारीची आंबील नळीनं ओढत होती. मी फोन ठेवून दिला, कारण जे तोंडात आलं होतं ते त्या बाईंसाठी नव्हतं. तुमच्यासाठी होतं.

नवी समिती नेमाल, नवी आवृत्ती काढाल, 'मिश्री' नावाचा पाचवा चौकोन अर्जात घालाल आणि त्याचंही कौतुक करून घ्याल. करा. अर्ज चुकीचा मी भरला, तो दोष माझा, आणि तो मी आत्तीच्या समोर बसून रोज फेडते. मला शिक्षा करायची तर तीही करा, पत्ता तुमच्याकडं आहे. पण एकसष्ट हजार पत्तेही तुमच्याकडंच आहेत. नाव, गाव, फोन नंबर, प्रत्येकीचा आकडा. त्या बायका या क्षणी घरी आहेत, आणि आपण बऱ्या आहोत असं त्यांना सरकारनं सांगितलंय.

त्यांना परत बोलावणारं पत्र कोणत्या तारखेला निघणार? त्याच्याखाली सही कोणाची असणार? आणि आम्ही तुम्हाला चुकीचं सांगितलं, हे वाक्य त्यात असणार आहे की नाही? पोच नको. उत्तर द्या, लेखी.